रद्दीत गेलेले नेच्यांचे पत्ते

कचरा वेगळा करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे आधीच सांगून टाकते. जपानात त्सुकुबाला राहायला आले त्या पहिल्या वर्षी आमची कचऱ्याची पिशवी दोनदा जिथल्या तिथे राहिली होती, वर लाल चिठ्ठी चिकटवलेली. दुधाचा खोका न धुता टाकला म्हणून. शेजारपाजारचे येता-जाता ती चिठ्ठी वाचत होते आणि मी पडद्याआडून बघत होते. त्याच दिवशी मनाशी खूणगाठ बांधली. आता नऊ वर्षं झाली. खोका धुते, कापते, उलगडून वाळवते. बाटलीचं बूच वेगळं, वेष्टन वेगळं. वर्तमानपत्रांची रद्दी तर पांढऱ्या सुतळीने आडवी-उभी फुली मारून अशी बांधते, की आमच्या इमारतीची देखरेख करणाऱ्या बाईंनी बाकीच्या बिऱ्हाडांना दाखवायला माझ्या गठ्ठ्याचा फोटो काढला होता. नवरा म्हणतो, "तुला तुझ्या एम.एस्सी.पेक्षा त्या फोटोचं कौतुक जास्त." आहेच मुळी. एम.एस्सी.चा कुणी फोटो काढला नव्हता.

तर याच माझ्या गुणाने मी एका मित्राच्या पन्नास वर्षांच्या कामावर बोळा फिरवला.

नवरा इथे पोस्टडॉक म्हणून आला आणि मी त्याच्यामागून. माझ्या व्हिसावर तेच लिहिलंय, की ही बाई अमक्याची बायको म्हणून राहते. लेक शाळेत जायला लागली तेव्हा मी एका संस्थेच्या वनस्पती विभागात आरुबाइतो धरला, म्हणजे तासांवरचं काम, आठवड्यातून तीन दिवस. वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवायची आणि कोपऱ्यात लेबल लावायचं: झाडाचं नाव, सापडल्याचं ठिकाण, तारीख, कुणी गोळा केलं. डिंक आणि चिकाटी एवढंच भांडवल लागतं. बोलायला कुणी लागत नाही, म्हणून माझं तुटकं जपानी तिथे खपून गेलं.

मग आमच्या विभागप्रमुख बाईंनी मला आणखी एक काम दिलं. युरोपातल्या एका संग्रहातून दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी पत्रं स्कॅन होऊन आली होती, ती वाचून टाइप करायची. डच जहाजांतून तिकडे गेलेल्या काही जपानी नेच्यांचा, म्हणजे फर्नचा, त्यांत उल्लेख होता, तो बाईंना हवा होता. अक्षर असं, की मुंगीने शाईत पाय बुडवून फिरावं. "तुम्हाला इंग्रजी येतं ना?" बाई म्हणाल्या. येतं म्हटलं. मग काय, बसले.

पत्रं दोन माणसांची. एक कोकणात कंपनी सरकारचा डॉक्टर, दुसरा तिकडे थंडीत बसलेला नेच्यांचा वेडा. दोघांनी उभ्या जन्मात एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. पत्र जहाजाने जाणार, उत्तर यायला वर्ष. तरी भांडायचे हो! एका पानामागच्या ठिपक्यांवरून तीन वर्षं भांडण चाललं, म्हणजे एकूण चार पत्रं. डॉक्टरच्या पत्रात पहिलं पान नेच्यांचं आणि उरलेली सगळी त्याचं पोट, कपड्यांवरची बुरशी आणि पळून गेलेला आचारी. दुसरा त्याला पोटावर उपाय सुचवायचा, तो पोचेपर्यंत डॉक्टरचं पोट बरं होऊन गुडघा सुरू झालेला असायचा.

एका पत्रात मात्र डॉक्टरवर आभाळ कोसळलं होतं. वाळवीने पेटी पोखरली. झाडं बरीचशी वाचली, पण ठिकाणं टिपलेल्या वह्या फस्त. कुठला नेचा कुठल्या घाटातला, काही सांगता येईना. मी टाइप करता करता हसले. अरे बाबा, कोकणात राहतोस आणि लाकडी पेटी जमिनीवर ठेवतोस? पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पण इथे मागची माझ्यासारखी होती, त्याला कोण काय करणार.

आता माझ्या मित्राकडे येते. तो इचिकावात राहणारा, ऐंशीच्या पुढचा, निवृत्त शाळामास्तर. मी त्यांना सेन्सेइ, म्हणजे गुरुजी, म्हणते, सगळेच म्हणतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी संस्थेला पोस्टकार्ड टाकलं होतं, की माझ्याकडे आयुष्यभर जमवलेले नेचे आहेत, माझं बघून झालं की तुम्हाला देईन. आभाराचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्याच पाकिटात मी हळूच एक नेचा सरकवला. आमच्या इमारतीमागे कचरा ठेवायची जागा आहे, तिथल्या गटाराच्या कडेला तो उगवला होता आणि मला काही केल्या ओळखू येत नव्हता. एम.एस्सी. झालेल्या बाईने गटारातला नेचा कुठला, हे ऑफिसात कुठल्या तोंडाने विचारायचं? अनोळखी म्हाताऱ्याला विचारायला काय जातंय!

आठ दिवसांत उत्तर आलं. नेचा अगदी साधा निघाला, गावभर भिंतीभिंतीवर असतो तो. सोबत माझं स्वतःचं पत्र परत आलेलं, वर लाल शाईत सगळ्या चुका दुरुस्त केलेल्या. मी आधी भडकले. मग बघितलं, तर त्यांनी आपल्या पत्रातल्या प्रत्येक अवघड अक्षराच्या बाजूला माझ्यासाठी बारीक अक्षरात उच्चार लिहिला होता, शाळेतल्या पोरांच्या पुस्तकात असतो तसा. पत्रभर, एकही अक्षर न सोडता. एवढं माझ्यासाठी माझ्या शिक्षकांनीही केलं नव्हतं.

मग दर पंधरवड्याला पत्र. प्रत्येक पत्रात त्यांच्या खोक्यातल्या एखाद्या नेच्याची हकिकत. मी उत्तर द्यायचे, ते लाल होऊन परत यायचं. इथे बरोबर उत्तराला मास्तर टिकमार्क करत नाहीत, लाल गोल काढतात. त्याला मारु म्हणतात. चार वर्षांत मला एकही मारु मिळाला नाही. माझी लेक दर पंधरवड्याला पाकीट उघडायची आणि म्हणायची, "आई, परत नापास."

या वर्षी त्यांचं पत्र आलं, की पुढच्या महिन्याच्या शेवटी ते वृद्धाश्रमात राहायला जाणार, घर पाडून तिथे गाड्या लावायची जागा होणार, तर आता नेचे न्या. आमच्या विभागप्रमुख बाई मऊ बोलतात पण नियमाला पोलाद. आधी यादी, मग खोकी आत. यादीत प्रत्येक नमुन्याचं ठिकाण आणि तारीख हवी. नसेल तर तो नमुना नाही, वाळलेलं गवत आहे, आणि गवत जाळायच्या कचऱ्यात जातं. मी म्हटलं, यादी मी करते, खोकी माझ्या घरी मागवते. कोण हौस!

तीन खोकी आली. एकशे चौदा नेचे, एकेक जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत. हवा दमट, कागद ओलसर, एक-दोन ठिकाणी बुरशीचा वास. ओलसर कागद बदलायचे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी दोन दिवस खपून सगळे नेचे त्याच क्रमाने नव्या कोऱ्या कागदांत घातले. चिठ्ठ्या कुठे दिसल्या नाहीत. मला वाटलं, वही मागून येईल. जुन्या कागदांच्या मी नीट चौपदरी घड्या घातल्या, पांढऱ्या सुतळीने आडवी-उभी फुली मारली आणि गठ्ठा बुधवारी, म्हणजे रद्दीच्या वारी, सकाळी खाली नेऊन ठेवला. देखरेखीच्या बाई तिथेच होत्या. "नेहमीप्रमाणे सुंदर," म्हणाल्या. मी हवेत तरंगत वर आले.

शुक्रवारी पोस्टकार्ड आलं. सेन्सेइंनी लिहिलं होतं, की प्रत्येक कागदाच्या आतल्या कडेला ठिकाण आणि तारीख पेन्सिलीने लिहिली आहे, अक्षर बारीक आहे, डोळ्यांना त्रास होईल, माफ करा.

मी ते कार्ड हातात धरून स्वयंपाकघरात खालीच बसले. आता मला नीट आठवलं. जपानी वर्तमानपत्र वरून खाली छापतात. त्या उभ्या ओळी दिसल्या की माझी नजर आपोआप घसरते, कारण वाचायला गेलं तर एका ओळीला पाच मिनिटं लागतात. कडेला आणखी एक उभी ओळ होती, छापलेली नाही तर लिहिलेली, हे मला एकशे चौदा वेळा दिसलं नाही. इथल्या कुठल्याही शाळकरी पोराला दिसलं असतं. पुण्याहून नुकत्या आलेल्या आणि रद्दीला हात न लावणाऱ्या बाईच्या हातूनही हे झालं नसतं. मी बरोबर मध्ये सापडले, कचऱ्यात तरबेज आणि वाचनात ढ.

नगरपालिकेला फोन केला. पलीकडचा माणूस इतका नम्र, की मलाच लाज वाटली. त्याने माझा पत्ता विचारला, चौकशी केली आणि सांगितलं, तुमच्या भागातला कागद कालच गिरणीत गेला, आता त्याचा लगदा झाला असेल, आपण इतका व्यवस्थित वेगळा केल्याबद्दल आभारी आहोत. नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाले?" म्हटलं, "आभार मानले." तो हसायला लागला आणि माझं तोंड बघून थांबला.

"सांगून टाक म्हाताऱ्याला," तो म्हणाला.

"काय सांगू? तुमची पन्नास वर्षं मी कागदाच्या गिरणीला दिली म्हणून?"

रविवारी रात्री झोप नाही. सोमवारी कामावर गेले ती मान खाली घालून. बाईंना काही बोलले नाही. स्कॅनच्या रांगेतलं पुढचं पत्र उघडलं, तर ते वाळवीच्या पत्राचं उत्तर निघालं. त्या थंडीतल्या मित्राने काय केलं असेल? त्याने डॉक्टरची आजवरची सगळी पत्रं काढली होती. कुठल्या पत्रात कुठल्या नेच्याबद्दल काय लिहिलंय, कुठला डोंगर, कुठला ओढा, ते सगळं वेचून लांबलचक यादी केली होती आणि जहाजाने कोकणात परत पाठवली होती. वर शेलका टोमणाही होता, की तुझं पोट मी यादीत घेतलेलं नाही. मी स्क्रीनपुढे बसून मोठ्याने मराठीत म्हणाले, "अगं बाई!" शेजारच्या टेबलावरची मुलगी दचकली.

घरी येऊन सेन्सेइंची सगळी पत्रं जमिनीवर पसरली. शहाऐंशी पत्रं. मला एकटीला वाचायला सहा महिने लागले असते, म्हणून लेकीला बसवलं. ती अकरा वर्षांची, जपानी फाडफाड वाचते. आधी "मेंदोकुसाइ" म्हणून कुरकुरली, म्हणजे काय कटकट आहे. मी आइस्क्रीमची लालूच दाखवली. तिसऱ्या पत्राला ती खुदकन हसली.

"काय गं?"

"आई, हे आजोबा फनी आहेत. ते म्हणतात, हा नेचा चढावर सापडला, मी चौथीच्या वर्गाला सहलीला नेलं होतं, नेचा मोजून घेतला आणि मुलं मोजायची राहिली."

मी त्या पत्राला दिलेलं माझं उत्तर काढलं, लाल होऊन परत आलेलं. त्यात मी लिहिलं होतं, नेचा फार सुंदर आहे. पुढच्या पत्रातला विनोद, उत्तर तेच. चार वर्षं मी त्या माणसाच्या पत्रांतली फक्त झाडांची नावं वाचत होते. बाकीचं अंदाजपंचे. त्यांनी इतके कष्ट घेऊन उच्चार लिहिले, आणि मी उच्चार करून पुढे गेले, अर्थाला थांबलेच नाही.

मग लेकीचा आवाज उतरला. "आई, यात लिहिलंय की डोंगरावर त्यांची वाइफ कागद धरायची आणि तीच लिहायची. ते सांगायचे आणि ती लिहायची. आता ती नाही, म्हणून ते आता नवीन नेचे नाही आणत." ते त्यांनी तीन वेगवेगळ्या पत्रांत लिहिलं होतं. माझं उत्तर काढून बघितलं. लिहिलं होतं, छान! इथेही हवा छान आहे.

मला तेव्हा खरंच रडू आलं. कडेचं ते बारीक अक्षर बहुतेक तिचं होतं आणि मी ते सुतळीने बांधून खाली ठेवून आले होते.

चार संध्याकाळी लागल्या. पत्रांतली नावं आणि वर्णनं घड्यांतल्या नेच्यांशी ताडून एक्याऐंशी नेच्यांची ठिकाणं आणि तारखा मिळाल्या. तेहतीस उरले. ते घेऊन मी शनिवारी दोन गाड्या बदलून इचिकावाला गेले. हातात माफीसाठी दुकानातली मिठाईची पेटी आणि घरच्या नारळाच्या वड्या. गाडीत लेकीने लिहून दिलेली माफीची वाक्यं घोकत होते, अतिशय आदराची, तीन-तीन ओळींची. चार वर्षांत आम्ही एकदाही भेटलो नव्हतो. पहिली भेट आणि ती ही अशी.

सेन्सेइ माझ्या कल्पनेपेक्षा बुटके निघाले. घर अर्धं खोक्यांत भरलेलं. मी दारातच कमरेत वाकले आणि सगळं एका दमात ओकले. पाठ केलेली वाक्यं पहिल्या मिनिटातच संपली, पुढचं माझं मोडकंतोडकं. कागद, बुधवार, गिरणी. तुमच्या बायकोचं अक्षर. आणि ती पत्रं मला आत्ता कळली, तेही. मी मान वर केली नाही.

मग त्यांनी विचारलं, "गठ्ठा कसा बांधला होता?"

"आडवी-उभी फुली मारून."

"कागदी सुतळी?"

"हो. पांढरी."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "तीही तशीच बांधायची. आमच्या घरी रद्दी तीच बांधत असे. तुमच्या आधी तिनेच कितीतरी नेच्यांचे पत्ते रद्दीत घातले आहेत."

असं म्हणून ते आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. किटलीचा आवाज येऊन बंद झाला, तरी नाहीत. मी तशीच उंबऱ्यापाशी बसून राहिले. आले तेव्हा डोळे लाल होते, हातात चहाचा ट्रे होता आणि ट्रेमध्ये लाल पेन.

मग आम्ही दोघं तातामीच्या चटईवर बसलो. मी एकेक घडी उघडायची, ते चष्मा कपाळावर ढकलून नेचा नाकाजवळ धरायचे आणि सांगायचे. हा पायऱ्यांवरचा, तिथे पाय घसरला होता. हा शाळेचं छप्पर उडालं त्या वर्षीचा. हा लग्नानंतर सहा दिवसांनी, ती नव्या चपला घालून आली होती आणि परत येईपर्यंत माझ्याशी बोलली नव्हती. मी लिहून घेत होते. मध्येच माझ्या ध्यानात आलं, की ते सांगताहेत आणि मी लिहितेय. त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी वड्यांचा डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "खा, अजून बरेच आहेत."

तीस आठवले. शेवटी तीन राहिले. दोन त्यांनी बराच वेळ बघितले आणि बाजूला ठेवले. "हे गेले. जाळायच्या कचऱ्यात. बुधवारी नव्हे," म्हणाले.

तिसरा उघडला. लहानसाच, टोक मोडलेलं आणि मध्ये आडवी घडी पडलेली. सेन्सेइ हसायला लागले.

"हा माझा नाहीच. मी उभ्या जन्मात नेच्याची अशी घडी घातलेली नाही. पाकिटात बसेना म्हणून तुम्ही घातली होती. तेव्हा मी ते लाल शाईत लिहिलंही होतं."

माझा गटारातला नेचा. त्यांनी तो ठेवला होता आणि मी स्वतःच्या हाताने नव्या कागदात घालताना तो ओळखला नव्हता.

घरी येऊन मी यादी केली आणि सगळी लेबलं छापून तपासायला सेन्सेइंना पाठवली. एकशे अकरा त्यांची. एकशे बारावं लेबल करताना जरा अडखळले. ठिकाणाच्या जागी कचरा कसा लिहायचा? मी नुसतं 'त्सुकुबा' लिहिलं. आणि गोळा केलं कुणी, तिथे त्यांचंच नाव घातलं. त्यांच्या संग्रहात आपलं नाव कशाला घुसडा? नाहीतरी नऊ वर्षांत इथल्या कुठल्याच फॉर्मवर मी नवऱ्याच्या नावामागून आल्याशिवाय राहिले नव्हते, सवयच झाली होती.

महिना संपल्यावर चार दिवसांनी पाकीट आलं, वृद्धाश्रमाच्या नव्या पत्त्यावरून. लेबलं सगळी लाल शाईविना, एकही चूक नाही. शेवटच्या लेबलावर मात्र लाल शाई. 'त्सुकुबा'च्या पुढे त्यांनी भरलं होतं, इमारतीमागे, कचरा ठेवण्याच्या जागेच्या डावीकडे, गटाराची कड. खाली त्यांचं नाव खोडलं होतं आणि त्या जागी माझं लिहिलं होतं, पुढे कुणाची बायको वगैरे काही नाही. नावाभोवती मोठा लाल गोल.

लेकीने पाकीट माझ्या हातातून ओढून घेतलं आणि दारातूनच ओरडली, "बाबा, आईला मारु मिळाला!"